कान मोकळा होईपर्यंत

शिक्रापूरच्या एका कारखान्यात दीक्षा रणपिसे क्वालिटी विभागात होती. गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट तपासायचे, पास-नापास करायचे, हे तिचं काम. पावसाळा सरून ऑक्टोबर तापायला लागला की तिला शिंका सुरू व्हायच्या. एकदोन नव्हे, ओळीनं पंधरा-वीस. डोळ्यांतून पाणी, टाळूला खाज, नाक असं चोंदलेलं की रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागायचं. लाइनवरच्या पोरी मोजत बसायच्या. "मॅडमचं आज अठरावर गेलं," असं एखादी ओरडायची आणि सगळ्या हसायच्या.

दीक्षाही हसायची. पण शनिवार जवळ आला की ती स्वतःही मोजायला लागायची. कारण शनिवार-रविवारी दीक्षा विमान चालवायची.

वरवंडमध्ये, तिच्या गावी, हे ऐकून माणसं विचारायची, "म्हंजी हवाईसुंदरी का?" तिची आई रतनबाई अंगणवाडीत होती. तिला हे समजावून सांगायचा सराव झाला होता. "न्हाई ओ, ती स्वतः चालवती. छोटं हाय, चार शिटांचं. नोकरी न्हाई ती, हौस हाय तिची." नोकरी सांभाळून, सुट्ट्या घालवून, बारामतीच्या धावपट्टीवर उन्हातान्हात उभं राहून दीक्षानं चार वर्षांत खासगी पायलटचं लायसन काढलं होतं. ते हातात पडलं त्या दिवशी घरातल्या बुद्धमूर्तीसमोर ठेवून आईनं मेणबत्ती लावली होती, आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांना पेढे गेले होते.

त्या लायसनच्या मागे एक मेडिकल असतं. डॉक्टर तपासतात, एक लांबलचक फॉर्म भरून घेतात. त्यात एक प्रश्न होता: ॲलर्जी, वारंवार सर्दी, नाकाचा किंवा सायनसचा त्रास आहे का? मेडिकल झालं तेव्हा एप्रिल होता, नाक स्वच्छ होतं. दीक्षानं पेन तिथं क्षणभर थांबवलं आणि 'नाही' वर खूण केली.

ती खूण तिला पुढं दोन वर्षं टोचत राहिली.

गोळी घ्यावी तर झोप येते, आणि झोप आणणारी गोळी घेऊन विमानाला हात लावायचा नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. न घ्यावी तर नाक बंद. आणि डॉक्टरांना सांगावं तर लायसनच जाईल, अशी तिची पक्की समजूत. म्हणून तिनं आपल्यापुरता तोडगा काढला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काहीतरी कारण सांगून उडायचंच नाही. कधी ऑडिट, कधी मावसबहिणीचं लग्न. एक वर्ष ते निभलं. दुसऱ्या वर्षी आप्पांचा फोन आला.

आप्पा म्हणजे तिचे वडील, आनंदराव. चौतीस वर्षं रेल्वेत काढून जुलैअखेर दौंडहून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले. मालगाड्या, पॅसेंजर, एक्सप्रेस, सगळं चालवलेलं. दीक्षा दोन वर्षं त्यांच्या मागं लागली होती की एकदा बसा माझ्याबरोबर. ते दरवेळी मान हलवायचे. "आपलं काम रुळावरचं. खाली रूळ न्हाईत तिथं मी बसत न्हाई." आणि त्या बुधवारी ते फोनवर अचानक म्हणाले, "या रविवारी मोकळी हायस का? म्हटलं, येतो एकदा. घरी बसून बसून कंटाळा आलाय."

खरं तर तिनं 'नाही' म्हणायला हवं होतं. नाक तेव्हा तीन आठवड्यांपासून चोंदलेलं होतं. मेडिकलच्या दुकानातून आणलेले ड्रॉप ती सकाळ-संध्याकाळ घालत होती. घातले की पाच मिनिटांत नाक खुलायचं, चारपाच तासांत पुन्हा बंद. तरी ती म्हणाली, "मोकळी आहे ना, आप्पा. या."

रविवारी सकाळी ती आप्पांना घेऊन वरवंडहून निघाली. पाटसपासून बारामतीच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना गाजर गवत मातलं होतं, कमरेइतकं, वर पांढऱ्या फुलांचा चुरा शिंपडल्यासारखा. दीक्षानं गाडीच्या काचा वर केल्या. तरी सुपं गाव येईपर्यंत बारा शिंका झाल्या.

"सर्दी झाली का गं?" आप्पांनी विचारलं.

"धुळीनं होतं असं. थांबतं थोड्या वेळानं."

बारामतीच्या विमान क्लबात पोचल्यावर बाथरूममध्ये जाऊन तिनं दोन्ही नाकपुड्यांत ड्रॉप घातले. बाहेर आली तर कॅप्टन रविराज उभे होते. तिचे जुने इन्स्ट्रक्टर, आता क्लबचं सगळं तेच बघत. उडण्याआधी ते प्रत्येकाला विचारायचे तसं त्यांनी तिलाही विचारलं, "झोप झाली? तब्येत? काही औषध?"

"सगळं ठीक आहे, सर."

रविराज सरांनी तिच्या लाल डोळ्यांकडे एकदा पाहिलं. पण आप्पा पुढं होऊन "जयभीम साहेब" म्हणाले, हात मिळवले गेले, इंजिनांच्या गप्पा निघाल्या आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

विमान उठलं तेव्हा आप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. हजारेक फूट वर गेल्यावर हात सुटले. दोन हजार फूट गेल्यावर ते काचेला नाक लावून बसले. हेडफोनमधून त्यांचा आवाज आला, "आरं, हा तर पाटसचा कारखाना. आन् ती गुऱ्हाळं बघ." केडगाव-खुटबावच्या बाजूला गुऱ्हाळांचे धूर उठत होते, सगळे एकाच अंगाला कललेले. दीक्षानं त्यावरूनच वारा ओळखला. वर हवा निवांत होती. साडेपाच हजार फुटांवर तिनं विमान सरळ केलं. नाक मोकळं, डोकं हलकं. तिला वाटलं, उगीच घाबरत होते मी.

दौंड आलं तसे आप्पा काचेवर आणखी वाकले. खाली सगळं यार्ड पसरलं होतं. एखाद्या जाड दोरखंडाचे पीळ सुटावेत तसे रूळ वेगळे होत गेले होते: एक मनमाडकडे भीमेचा पूल ओलांडून, एक सोलापूरकडे, एक पुण्याकडे. बाजूनं, स्टेशनात न शिरता जाणाऱ्या कॉर्ड लाइनचा वळसा. एक मालगाडी सिग्नलला थांबली होती.

"एवढंसं?" आप्पा म्हणाले. "चौतीस वर्षं... एवढंसंच हाय व्हय गं सगळं?"

तिनं एक मोठी गोल फेरी मारली, मग दुसरी. आप्पांनी ड्रायव्हर हजेरी लावतात ती लॉबी कुठं, आपलं जुनं क्वार्टर कुठं, तिची शाळा कुठं ते बोटानं दाखवलं. मग नदीच्या अंगानं थोडं पुढं जाऊन, शिरूर तालुक्यातले न्हावऱ्याकडचे उसाचे पट्टे बघून ते परत फिरले. सव्वा तास होत आला होता.

सुप्याचा माळ दिसायला लागल्यावर दीक्षानं इंजिन जरा कमी करून विमान खाली घ्यायला सुरुवात केली. पाच हजार. चार हजार आठशे. डाव्या कानात दडा बसला. नेहमीसारखा तिनं आवंढा गिळला. काही झालं नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली. उजवा कान उघडला, डावा तसाच. साडेचार हजारांवर डाव्या भुवईच्या वर कुणी दाभण खुपसावा तशी कळ आली. कळ नुसती आली नाही, वाढत राहिली. डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं आणि समोरची उंची-वेगाची घड्याळं धूसर झाली.

तिनं दात आवळले. बारामतीची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून दोनेक हजारांवर, म्हणजे अजून अडीचेक हजार फूट उतरायचं. पाच-सात मिनिटांचा प्रश्न. कळ सोसून उतरावं आणि कुणाला काही कळूच देऊ नये, असं तिच्या मनात आलं. चार हजार दोनशे. कान आता फाटतोय की काय असं वाटायला लागलं.

"दीक्षा." आप्पांचा आवाज शांत होता. "काय होतंय तुला?"

"काही नाही."

"तोंड पांढरं पडलंय. काय होतंय?"

तिनं विमानाचं नाक वर उचललं, इंजिन वाढवलं. "कान बंद झालाय, आप्पा. खाली येताना आतून दाब बसतोय. कपाळात कळ मारतेय."

"गाडी ठीक हाय का?"

"गाडी ठीक आहे. मीच ठीक नाही."

"तेल?"

"अजून दोन तास उडेल एवढं आहे."

"मंग घाई कसली?" आप्पा जागेवर नीट सावरून बसले. "गाडी ठीक हाय, तेल हाय, ऊन हाय. बस निवांत. कंट्रोलला सांगितलंस का?"

तिचा अंगठा रेडिओच्या बटणावर होता, पण दाबला जात नव्हता. रेडिओवर बोललं की रविराज सरांना कळणार. सरांना कळलं की विचारणार. विचारलं की फॉर्मवरची ती खूण निघणार.

"सांगितलं न्हाईस," आप्पा म्हणाले. "आमच्यात गाडी अडली की आधी कंट्रोलला सांगायचं. कुणाची चूक, कशाची चूक, ते मागनं. बटण दाब आन् सांग."

दीक्षानं बटण दाबलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. कान बंद आहे, सायनसमध्ये दुखतंय, खाली येता येत नाही, सुप्याच्या माळावर आहे, इंधन भरपूर आहे, असं तिनं कळवलं. दोन सेकंद खरखर झाली आणि मग रविराज सर बोलले, चहा घेणार का म्हणावं इतक्या सहज. "ठीक. कळ कमी होईल तिथपर्यंत वर जा. तिथं थांब. आवंढे गिळ, जबडा हलव, जोरात फुंकू नकोस. मग मिनिटाला शंभर-दीडशे फूट, त्याहून जास्त नाही. दुखलं की थांब, परत वर जा. इथं आज दुसरं कुणी उतरणार नाही. कितीही वेळ घे."

कितीही वेळ घे, हे ऐकलं आणि तिचे आवळलेले खांदे आपोआप खाली आले.

पाच हजार दोनशेवर कळ ओसरली. माळावर रुंद गोल घेत ती थांबली. डोळा मात्र पुसला तरी भरून येत होता, आणि उंचीच्या काट्याकडे सारखं बघावं लागत होतं.

"आप्पा, ते घड्याळ दिसतंय ना? खाली बटण आहे त्याचं. छोटा काटा हजार दाखवतो, मोठा शंभर. मला वाचून सांगाल? दर शंभरला."

"सांगतो की. चौतीस वर्षं दुसरं काय केलं?"

आणि आनंदराव रणपिशांनी उंची पुकारायला सुरुवात केली. रेल्वेच्या इंजिनात असताना सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघंही तो मोठ्यानं पुकारतात, एकानं म्हटलेलं दुसऱ्यानं परत म्हणायचं. तोच खणखणीत, जागं ठेवणारा आवाज.

"पाच हजार शंभर!"

दीक्षानं नुसती मान हलवली.

"परत म्हण की," आप्पा म्हणाले. "त्याशिवाय मला कसं कळायचं तू ऐकलंस म्हणून?"

"पाच हजार शंभर," ती म्हणाली.

"पाच हजार!"

"पाच हजार."

चार हजार सातशेवर कळ परत चढली. दीक्षा दोनशे फूट वर गेली, तिथं दोन गोल घेतले, पुन्हा उतरली. आप्पांनी खिशातून रतनबाईनं दिलेली खडीसाखरेची पुडी काढून दोन खडे तिच्या तळव्यावर ठेवले. चघळताना जबडा हलत राहिला. चार हजार सहाशे. चार हजार पाचशे. खाली माळावर मेंढरांचा एक कळप होता, तो प्रत्येक फेरीत जरा जरा मोठा दिसायला लागला. चार हजार तीनशेवर डाव्या कानात चुर्र असा आवाज झाला, ओल्या फुग्यातून हवा निघावी तसा, आणि त्याच क्षणी सगळं आभाळ एका बाजूला गरकन फिरलं.

फिरलं नव्हतं. तिला तसं वाटत होतं. असं होऊ शकतं हे तिनं वाचलं होतं. एक कान अचानक मोकळा झाला की डोकं गरगरतं. हातानं काही करायचं नाही, घड्याळांवर विश्वास ठेवायचा. तिनं समोरच्या घड्याळातल्या क्षितिजाच्या रेषेवर नजर रोवली. रेषा सरळ होती. पाच-सहा सेकंद गेले. आभाळ जागेवर आलं.

"चार हजार तीनशे," आप्पा पुकारतच होते. "चार हजार तीनशे. परत म्हण."

"चार हजार तीनशे. आप्पा, कान सुटला."

"मंग पुढं चल. हळूच."

पाऊण तास लागला. कपाळातली कळ शेवटपर्यंत गेली नाही, पण सोसवेल इतकी झाली. धावपट्टी समोर आली तेव्हा आप्पा आपसूक गप्प झाले, कारण आता तिला फक्त समोर बघायचं होतं. चाकं टेकली. विमान जागेवर आणून दीक्षानं इंजिन बंद केलं.

रविराज सरांनी दार उघडलं. ते रागावले नाहीत. तिला खाली उतरवलं, पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाले, "वर केलंस ते सगळं बरोबर केलंस. सकाळी मला 'ठीक आहे' म्हणालीस, ते चुकलं. कान तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत तू उडायचं नाहीस. आणि एक, घाबरून घरी बसायचं नाहीस."

परत जाताना आप्पा गाडी चालवत होते. पाटसच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका टपरीवर ते थांबले. चहाचा कप हातात घेऊन दीक्षानं सगळं सांगून टाकलं. फॉर्म, खूण, ड्रॉप, ऑडिटची खोटी कारणं. बोलताना तिला रडू आलं. नाक आधीच गळत होतं, त्यामुळे टपरीवाल्याला काही कळलं नाही.

"खरं सांगितलं असतं तर लायसन गेलं असतं, आप्पा."

आप्पांनी चहा संपवला.

"तुझ्या आईला ठाव न्हाई असं एक सांगतो," ते म्हणाले. "तू सातवीत असशील. मला जबर खोकला झाला होता. लॉबीत सांगितलं तर सिक करून घरी बसवतील, आन् तवा मला बढतीची मेल गाडी मिळायची होती. म्हणून बोललो न्हाई. दुकानातनं खोकल्याचं औषध घेतलं, दोन झाकणं प्यालो आन् मालगाडी घेऊन सोलापूरला निघालो. भिगवण सोडलेलं आठवतं. त्याच्यापुढं थेट जेऊर आठवतं. मधली टेशनं कवा गेली, मला ठाव न्हाई."

"झोपलात?"

"डोळं उघडं होतं म्हणं. असिस्टंट म्हणाला, साहेब तुम्ही सिग्नल पुकारत होता. पण माझ्या डोक्यात त्यातला एक न्हाई. हिरवा होता का पिवळा, आजबी सांगता यायचं न्हाई मला." त्यांनी कप खाली ठेवला. "काही झालं न्हाई. कुणाला कळलं न्हाई. पण ती चार टेशनं माझ्या छातीवर हायेत अजून. तू असलं काही घेऊन फिरू नको. लायसन गेलं तर गेलं, विमान काय, जमिनीवरनंबी दिसतंय. उद्या सुट्टी टाक. मी येतो संगं."

हडपसरला डॉक्टर ज्ञानेश्वरी मॅडमचा दवाखाना होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टर, आणि पायलटांची मेडिकलही त्या करत. दीक्षानं आत गेल्या गेल्या, खुर्चीत नीट बसायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, मी दोन वर्षांपूर्वी मेडिकलच्या फॉर्मवर खोटं लिहिलंय." रात्रभर घोकलेलं वाक्य होतं ते.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आधी कान बघू का?"

कानाचा पडदा लाल होता, फाटलेला नव्हता. मॅडमनी नाकात नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "ड्रॉप किती दिवस घालतेस?"

"बावीस-तेवीस."

"चार-पाच दिवसांवर घालायचे नसतात ते. नंतर तेच नाक चोंदवतात. म्हणजे सुरुवात शिंकांनी केली, पण दरवाजा लावून घेतलास तो तू स्वतः." ॲलर्जी कशाची ते कळायला त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत बऱ्याच गोष्टींचे थेंब लावून बारीक टोचलं. पंधरा मिनिटांत एका ठिकाणी रुपयाएवढी लाल गांधी उठली. गाजर गवत. धुळीची एक बारीकशी. बाकी हात स्वच्छ.

मॅडमनी लिहायला घेतलं. ड्रॉप आजपासून बंद. नाकात मारायचा दुसरा स्प्रे, हा रोजचा, सावकाश काम करणारा. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीपासूनच घ्यायचा. एक गोळी, झोप न आणणारी, पण तीसुद्धा आधी जमिनीवर घेऊन बघायची, अंगाला कशी मानवते ते. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं. बाहेर मास्क.

दीक्षाला यातलं निम्मंच ऐकू गेलं. "आणि लायसन?" तिनं विचारलं.

"त्याचं काय?"

"जाईल ना?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कशानं? शिंकांनी? अगं, पायलटांना नाक नसतं का? माझ्याकडे येतात त्यातल्या कितीतरी जणांना हे आहे. कान बरा होऊ दे, औषध मानवू दे, मग पुन्हा तपासू. फॉर्म आपण दुरुस्त करून पाठवू, काय झालं, काय घेतेस, सगळं लिहून. ते कदाचित दोन प्रश्न विचारतील. विचारू देत. ज्या दिवशी नाक बंद, त्या दिवशी उडायचं नाही, एवढीच अट येईल. आणि ती तर सर्दी झालेल्या प्रत्येकालाच असते."

"एवढंच?"

"एवढंच. तुला काय वाटलं होतं?"

दीक्षा चिठ्ठी घेऊन बाहेर आली. बाहेर बाकावर आप्पा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तिचा चेहरा बघून ते उठून उभे राहिले. "गेलं का?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून, आणि दवाखान्यातल्या सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. आप्पा गोंधळले, मग तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं. "चल, मिसळ खाऊ," ते म्हणाले. "सकाळपासनं पोटात काही न्हाई."

पुढचा महिना तिनं जमिनीवर काढला. ड्रॉप सोडल्यावर पहिले पाच दिवस वाईट गेले. रात्री दोन उशा लावून बसल्या बसल्या झोपावं लागलं. मग हळूहळू नाकातून वारा यायला लागला. एके दिवशी सकाळी शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीत तिला शेजारच्या बिहारी पोरांच्या कढईतल्या मोहरीच्या तेलाचा वास आला, आणि त्या एरवी नकोशा वाटणाऱ्या वासानंसुद्धा ती खूश झाली. रतनबाईनं अंगणवाडीभोवतीचं आणि घराभोवतीचं गाजर गवत बायका लावून, हातमोजे घालून मुळासकट काढलं. "फुलावर यायच्या आधी काढायचं असतं, पुढच्या साली ऑगस्टातच काढू," असं तिनं ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, आणि दोन पोरांनाही असाच त्रास होता म्हणून पंचायतीनं ते मनावर घेतलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेडिकलचा कागद आला. वरच्या ऑफिसानं दोनच प्रश्न विचारले होते, मॅडमनी उत्तरं पाठवली होती. कागदावर लिहिलं होतं: फिट. खाली एक ओळ, त्रास असताना उड्डाण करू नये. दीक्षानं तो कागद लाइनवर उभं राहून तीनदा वाचला. दोन वर्षं जिच्या भीतीनं ती लपत होती ती गोष्ट एका ओळीत मावत होती. तिला हसू आलं, आणि थोडा स्वतःचा रागही.

त्या रविवारी रविराज सर स्वतः तिच्याबरोबर वर गेले. साडेपाच हजारांवरून खाली येताना तिनं आवंढा गिळला. आधी उजवा, मग डावा, दोन्ही कान टक्-टक् करून मोकळे झाले. इंजिनाचा आवाज एकदम स्वच्छ आला. सरांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तिनं अंगठा दाखवला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरपासून स्प्रे सुरू होता. ऑक्टोबर जवळजवळ सगळा चांगला गेला. लाइनवरच्या पोरींचा मोजायचा खेळच बंद पडला. एका शनिवारी मात्र वारं सुटलं होतं, कुठल्यातरी पडीक रानातलं सगळं उडून आल्यासारखं. वरवंडच्या घरी दीक्षा उठली तीच शिंकत. नाक चिमटीत धरून बघितलं, डावा कान उघडला नाही.

तिनं फोन लावला. "सर, आज नाही जमणार. ॲलर्जी उठलीय. कान बंद आहे."

"बरं," रविराज सर म्हणाले. "विमान दुसऱ्याला देतो. बरी झालीस की सांग."

फोन बंद झाला. कारण शोधावं लागलं नव्हतं, मावसबहिणीचं लग्न लावावं लागलं नव्हतं. दीक्षा बाहेर ओसरीवर आली. आप्पा खुर्चीत बसून शेंगा सोलत होते, आई आत भाकरीला पीठ मळत होती. ती जोत्यावर बसली आणि मोकळेपणानं, हात आडवा न धरता, सात वेळा शिंकली.

"आज न्हाई का जायचं?" आईनं आतून विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि आप्पांच्या सुपातल्या शेंगा स्वतःकडे ओढून सोलायला लागली.